निवताना आटलेलं विमान

आनंदा, तू खोटारडा होतास.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणू देत. तुला पोचवून आल्यापासून तालमीच्या कट्ट्यावर नुसतं तुझं गुणगान चाललंय. मेल्या म्हशीला मणभर दूध. कोण म्हणतो, आनंदासारखा दिलदार गडी पुन्हा व्हायचा न्हाय. कोण म्हणतो, आनंदानं कधी कुणाला शब्दानं दुखावलं न्हाय. मी खांबाला टेकून ऐकत होतो आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मला विचारा की लेकांनो! मला दुखावलंय. कितीतरी वर्षं या पेठेत मला सदा पेंटर म्हणून कुणी हाक मारली नाही, 'टीचभर पेंटर' म्हणत होते. ते नाव तुझ्यामुळं पडलं. मी खरं बोलतोय हे साऱ्या कोल्हापुरात एकट्या तुला माहीत होतं, आणि तूच उठून गेलास. आता साक्षीला कुणाला उभा करू?

पासष्टची लढाई झाली आणि पुढच्या गणपतीला तालमीनं ठरवलं, यंदा मिरवणुकीत विमान काढायचं. साधंसुधं नाही, नॅट. शत्रूची सेबर विमानं ज्यानं पाडली ते. रेडिओवर तेच नाव, चहाच्या गाड्यावर तेच नाव. पण आपल्यातल्या एकानंही जन्मात लढाऊ विमान जवळून बघितलं नव्हतं. आपल्याजवळ पेपरातला एक फोटो, तोही विमान आभाळात असलेला. शेजारी माणूस नाही, झाड नाही, की केवढं असेल याचा अंदाज यावा.

तू इंजिनांच्या कारखान्यात पॅटर्न करणारा सुतार. लोखंडी भाग ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना तू करायचास. तो वाळूत दाबायचा, मग त्या जागेत लोखंडाचा रस ओतायचा. रस निवताना आटतो, म्हणून लाकडाचा नमुना मापापेक्षा जरा मोठाच ठेवावा लागतो. हे तुझं पोटापाण्याचं शास्त्र झालं. पण तू ते साऱ्या जगाला लावायचास. शालन वहिनींना सांगायचास, भाकरी मोठी थाप, निवताना आटती. आता भाकरी कधी आटती का? पण तुला कोण सांगणार!

"केवढं करायचं रं आनंदा?" नानांनी विचारलं. नाना म्हणजे तालमीचे वस्ताद, त्यांचा शब्द शेवटचा.

"सेबर केवढं असतंय म्हाईत हाय का? त्ये पाडलंय ह्यानं. म्हंजे त्येच्यापेक्षा थोराडच असणार की! बारक्यानं थोराड पाडलेलं कुठं बघितलाईसा का?"

"बघितलंय," मी म्हटलं. "ह्याच तालमीत."

सगळे हसले. कारण मी तुझ्या खांद्याएवढा, आणि त्याच मातीत मी एकदा कुस्तीत तुझा पट काढून तुला आस्मान दाखवलं होतं. तू शेवटपर्यंत म्हणत राहिलास, पाय घसरला. माती कोरडी ठणठणीत होती, आनंदा. कसला पाय घसरतोय!

तर विमान झालं. बांबू, कामट्या, गोणपाट, वर कागद, आणि त्यावर मी दिलेला चंदेरी रंग. तू मापं मनानं धरलीस आणि वर आणखी थोडं आटायचं म्हणून वाढवलीस. बांबू आटतो व्हय? ट्रकवर चढवल्यावर दोन्ही पंख रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांना ओवाळत निघाले. लेझीम पुढं, विमान मागं, आणि तू टपावर उभा, जसं काय तूच पायलट. महाद्वार रोडच्या अलीकडं वळणावर एक पंख विजेच्या खांबाला अडकला आणि दुसरा एका माडीच्या कठड्यात घुसला. माडीवरची बाई ओरडायला लागली, "आवं, तुमचं इमान काढा की माझ्या सज्ज्यातनं! सगळं वाळवाण सांडलं!" मागनं दुसऱ्या तालमीची मिरवणूक तुंबलेली, त्यांची शिट्ट्या-बोंबाबोंब. शेवटी नानांनी करवत तुझ्याच हातात दिली. तू पंख छाटलेस. मागची पोरं ओरडत होती, "कोंबडी! पंख छाटलेली कोंबडी!"

तुझ्या डोळ्यात पाणी होतं. विचारलं तर म्हणालास, भुसा गेला. ही एक थाप झाली. मी मोजत बसलो नाही, नाहीतर आयुष्य पुरलं नसतं.

पण ते विमान पेठ विसरली नाही, हे मात्र खरं. छाटलेल्या पंखांनी का होईना, पंचगंगेच्या घाटापर्यंत गेलं. ज्या पोरांनी ते बघितलं ती मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, तरी गणपती आला की म्हणायची, आनंदाकाकांचं विमान म्हंजे विमान!

मग बऱ्याच वर्षांनी ती दिल्ली. कारखान्याच्या मालकांनी तिथल्या प्रदर्शनात इंजिन मांडायचं ठरवलं. खोकी उघडून इंजिन उभं करायला तू आणि स्टॉलची पाटी रंगवायला मी. मला तूच घेऊन गेलास, मालकांकडं हट्ट धरून. कोल्हापूरच्या पुढं पुण्याशिवाय मी काही बघितलेलं नव्हतं. गाडीत दोन रात्री तू मला खिडकी दिलीस, हेही लिहितो. नाहीतर म्हणशील, सदा नुसता राग-राग करतोय.

सुट्टीचा दिवस मिळाला. लोक ताजमहाल बघायला गेले. तू म्हणालास, आपण नॅट बघायचं. बस बदलत, विचारत विचारत विमानांच्या त्या संग्रहालयात पोचलो. बाहेर आवारात केवढाली धुडं उभी होती! एका विमानाच्या पोटाखाली आपली अख्खी तालीम मावली असती. तुझी छाती फुगत चाललेली. "बघ, बघ," म्हणत होतास, "आणि ही नुसती सामान वाहायची. नॅट केवढं आसंल इचार कर!" आत शेडमध्ये गेलो. इकडून तिकडं, तिकडून इकडं फिरलो. नॅट काही दिसेना. दमून एका बारक्या विमानापुढच्या दोरीजवळ उभे राहिलो. पोरांना शिकवायचं असेल, असं आपण दोघांनीही धरलेलं. शेवटी तू रखवालदाराला तुझ्या कोल्हापुरी हिंदीत विचारलंस, "ओ साब, वो नॅट किधर रख्या है?"

तो म्हणाला, "आपके पीछे."

तू मागं वळलास. मग पुन्हा त्याच्याकडं वळलास. "ये नई. वो बडावाला."

"यही है जी. एक ही साइज का आता है."

आनंदा, तुझं ते तोंड! तसं तोंड मी फक्त एकदाच आधी बघितलं होतं, तुझा पट काढला तेव्हा. हात वर केला असतास तर शेपटाच्या टोकाला लागला असता. एकूण विमानच असं, की वाटावं सायकलीसारखं गल्लीत कोपऱ्याला लावून ठेवावं आणि सकाळी पुसून बाहेर काढावं. आपलं कागदाचं विमान त्याच्या दुप्पट तरी होतं, पंख छाटल्यावरसुद्धा! मला हसू आवरेना. मी पोट धरून हसत होतो आणि तू हलायला तयार नाहीस.

मग तू पॅटर्नवाल्याची सवय काढलीस. हात लावायला रखवालदार देईना, म्हणून दोरीच्या अलीकडं उभा राहून तळहात आडवा धरलास, एक डोळा मिटलास आणि पंख कुठपर्यंत येतोय ते अंगावर मापलंस. छातीला आला. तसाच हात छातीशी धरून कितीतरी वेळ उभा होतास. हळू आवाजात म्हणालास, "सदा, ह्यात माणूस बसायचा व्हय रं? आणि असल्यातनं लढाईला जायचा?" मी हसायचा थांबलो. त्या घटकेला तू मला जेवढा आवडलास तेवढा कधीच आवडला नव्हतास, हे तुला सांगायचं राहिलं. आता ऐक.

पण तू कसला तसा राहतोस! बाहेर येऊन पाण्याचा नळ सोडलास, तोंड धुतलंस आणि जाहीर केलंस, "निवालंय त्ये. म्हणून आटलंय. लढाईत तापल्यालं असताना मोठंच आसणार."

बरं, चेष्टा म्हणून मी सोडून दिलं. मला काय माहीत, तू ती साऱ्या पेठेच्या गळ्यात मारणार! कोल्हापुरात उतरलो, त्याच दिवशी कट्ट्यावर सगळे जमले. नानांनी विचारलं, "काय रं, बघितलं का इमान?" आणि तू दोन्ही हात फाकलेस. "नाना, काय सांगू! आपलं इमान म्हंजे त्येचं पिल्लू! मान वर करून बघितलं, टोपी पडली!"

तुझ्या डोक्यावर टोपीसुद्धा नव्हती रे!

मी उठलो. म्हटलं, "खोटं बोलतोय ह्यो. नॅट छातीएवढं हाय. ह्येनंच मापलंय." मग नाना म्हणाले, "सदा, टीचभर इमानानं लढाई जिंकली व्हय?" आणि जे हसले, जे हसले! सगळ्यात मोठ्यानं तू. झालं. दुसऱ्या दिवशी दुकानासमोरून पोरं ओरडत गेली, "टीचभर पेंटर!" गिऱ्हाईकं पाटी टाकायला आली की म्हणायची, अक्षरं टीचभर काढू नका बरं का. माझ्या पोरीच्या लग्नात सोयऱ्यांपर्यंत ते नाव गेलं. ते हसत होते आणि मीही हसत होतो. आतून काय होत होतं ते मला ठाऊक.

तुला चहाच्या गाड्यावर गाठून जाब विचारला. तू बशीत चहा ओतत म्हणालास, "आरं मर्दा, त्या लोकांनी जन्मात एकच इमान बघितलंय. त्येचे पंख मी त्येंच्यासमोर छाटल्यात. आता त्येबी खोटं हुतं म्हणून सांगू व्हय?"

"आणि माझं काय?"

"सांगीन की एक दिवस. चार लोकांत सांगीन. पुढच्या गणपतीत."

असे किती पुढचे गणपती गेले. विचारलं की हसायचास, पाठीवर थाप मारायचास. तुझी थाप म्हणजे माझ्या दोन बरगड्या.

आणि आता खऱ्या रागाचं बोलतो. विमानाचा राग मी गिळला असता. पण गेल्या वर्षी तुझा आवाज बसायला लागला. मी विचारलं, घसा का बसलाय? म्हणालास, भट्टीचा धूर. पुढं म्हणालास, उष्णता. मग म्हणालास, बारीक गाठ हाय, हरभऱ्याच्या डाळीएवढी, जिरंल. वहिनी म्हणत होत्या मिरजेच्या दवाखान्यात दाखवू, तू त्यांच्यावर ओरडलास. तंबाखू मळत ओरडलास! मी म्हटलं, चल, मी येतो बरोबर. तर म्हणालास, "टीचभर गाठीला काय भितोस रं, टीचभर पेंटर?" आणि मी, गाढव, चिडून उठून गेलो. तुझा डाव बरोबर बसला. मला चिडवलंस की मी पुढचं विचारत नाही, हे तुला पक्कं माहीत होतं.

शेवटी तुला तिथं नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाला, फार उशीर केलात. ती डाळीएवढी कधीच नव्हती. तुला माहीत होतं. पॅटर्नवाला माणूस, सुताएवढा फरक बोटाला कळायचा तुझ्या, आणि स्वतःच्या गळ्यातलं माप कळलं नाही होय? विमान मोठं करून सांगितलंस आणि मरण बारीक करून! उलटं केलं असतंस तर काय बिघडलं असतं? विमान बारीक सांगितलं असतंस तर लोक हसले असते. गाठ मोठी सांगितली असतीस तर आम्ही तुला उचलून नेलं असतं. बारक्यानं थोराड पाडलेलं कुठं बघितलाईसा का, म्हणे! दिल्लीत समोर उभं होतं की तुझ्या! छातीला लावून मापलंस की! त्या विमानापुढं जाऊन तू काय शिकलास, आनंदा?

दवाखान्यात तुझा आवाज पुरता गेला होता. नाना, मी, वहिनी, तालमीतले दोघं, असे खाटेभोवती उभे. तू एकेकाकडं बघितलंस. मग माझ्याकडं. आणि हळूहळू उजवा हात उचललास, तळहात आडवा केलास, छातीशी आणलास आणि तिथंच धरून ठेवलास. एक डोळा मिटलास.

नाना म्हणाले, "छातीत दुखतंय वाटतं." एकजण म्हणाला, "न्हाय, चादर हितपतूर घ्या म्हणतोय." वहिनींनी चादर वर ओढली. तू मान हलवत होतास, न्हाय, न्हाय. पुन्हा हात तसाच. आणि मी आपला खुळ्यासारखा उभा. चार लोकांत सांगीन म्हणाला होतास, सांगितलंस. पण कधी? जीभ गेल्यावर! एवढी वर्षं गळा फाडून खोटं बोललास आणि खऱ्याला आवाज ठेवला नाहीस. कुणाला कळलं ते? एकट्या मला. आणि मला तर आधीच माहीत होतं, बाबा.

तिरडी बांधताना गल्लीतल्या लोकांनी अंदाजानं बांबू घेतले. आनंदा म्हणजे सहा फुटी गडी, मोठीच बांधा. तुला वर ठेवलं तर पायाशी एवढी मोकळी जागा उरली. मी ती रिकामी कामटी बघत चालत होतो. तू असा केवढासा कधी झालास रे? मी रोज तुझ्या घरावरून जात होतो.

तिसऱ्या दिवशी घाटावर रक्षाविसर्जन. निवद मांडला, भाकरी, आंबाड्याची भाजी, चहाचा कप. कुणीतरी शहाण्यानं तंबाखूची चिमूट ठेवली. ती मी उचलून नदीत भिरकावली. लोक बघत राहिले. मग सगळे मागं सरून कावळ्याची वाट बघू लागले. कावळे होते ढीगभर, पण निवदाला एक शिवेना. झाडावरून बघायचे, खाली उतरायचे आणि दोन उड्या मारून परत. ऊन चढलं. तुझा पोरगा म्हणाला, "आबा, आईला मी सांभाळतो." कावळा हलला नाही. नाना म्हणाले, "आनंदा, घराचं अर्धं ऱ्हायलेलं बांधकाम तालीम पुरं करंल." नाही. वहिनी म्हणाल्या, "माझी काळजी करू नगासा." नाही. मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले, ह्येचं काय राहिलंय?

मला माहीत होतं काय राहिलंय. मी पुढं झालो. म्हटलं, ऐका. दवाखान्यात आनंदानं हात दाखवला, त्यो नॅटचा पंख हुता. छातीएवढाच हाय त्यो. शेवटाला का होईना, तुमाला खरं सांगून गेलाय.

कुणी हसलं नाही. नानांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता उतरेल. कसला उतरतोय! उलट खाली उतरलेले दोन कावळेही उडून लांब जाऊन बसले.

मग माझं डोकं फिरलं. साऱ्या लोकांसमोर मी ओरडलो, आनंदा, तुझ्या आईला! मेल्यावरबी तुझंच घोडं पुढं व्हय रं? बरं! मोठं हुतं! ऐकलासा सगळ्यांनी? इमान मोठंच हुतं! मी बघितलं तवा निवालतं, म्हणून आटलं हुतं!

ओरडलो आणि मला तुझी ती तिरडी आठवली, पायाशी रिकामी राहिलेली. नानांनी माझा दंड धरला. आणि कावळा आला, आनंदा. सरळ येऊन भाकरीचा तुकडा घेऊन गेला. त्याला भूक लागली असेल. मी कावळ्यावर विश्वास ठेवणारा माणूस नाही.

झालं तुझ्या मनासारखं. आता पेठेत मला कुणी टीचभर म्हणत नाही. घाटावर मी काय बोललो ते सगळ्यांना कळलंय, माझं विमान तुझ्या विमानाएवढं झालंय. काल दुकानासमोरून पोरं गेली, "सदाकाका" म्हणाली. सदाकाका! मी ब्रश खाली ठेवला आणि शटर अर्ध्यावर ओढून आत बसलो. तू जिंकलास, मर्दा. आता एकदा ये आणि त्या पोरांच्या देखत मला टीचभर म्हण. पट काढून आपटतो की नाही बघ.